कुलाब्याच्या नोंदवहीतलं सौर वादळ

१ सप्टेंबर १८५९, गुरुवारची सकाळ. इंग्लंडमधल्या रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या खासगी वेधशाळेत सूर्यावरच्या डागांचं रेखाटन करत होते. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडायची आणि डाग जिथे दिसतील तिथे नेमके टिपायचे, हे काम ते कित्येक वर्षं नेमाने करत आले होते. त्या दिवशी सूर्यावर डागांचा मोठा समूह होता. सव्वाअकराच्या सुमारास त्यावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके झळाळले. कुणीतरी साक्षीला हवं म्हणून ते धावत बाहेर गेले आणि मिनिटभरात परतले, तोवर तेज बरंच ओसरलं होतं. पाचेक मिनिटांत सगळं मावळलं. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही दुसऱ्या ठिकाणाहून तेच पाहिलं. माणसाने पाहून लिहून ठेवलेली ही पहिली सौर ज्वाला.

त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर सौर वादळ आलं, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ढवळून निघालं. त्याची फार मोलाची नोंद मुंबईत झाली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची मोजमापं सुरू झाली. हे काम हातानेच चाले. टांगलेला चुंबक किती वळला हे निरीक्षकाने डोळ्यांनी वाचायचं आणि वहीत लिहायचं, दर तासाला, रात्री-अपरात्रीसुद्धा. चुंबक अस्वस्थ झाला तर तासभर थांबायचं नाही, दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचन घ्यायचं. २ सप्टेंबरला सकाळी ती वेळ आली. वाचनं झपाट्याने घसरू लागली आणि थोड्याच वेळात चुंबकक्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने (चुंबकक्षेत्र मोजण्याचं एकक) खाली गेला. म्हणजे मुंबईत एरवी असतो त्यापेक्षा चार टक्क्यांच्या आसपास कमी. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण १९८९ मध्ये कॅनडात अंधार करणाऱ्या वादळाचा आकडा ५९० च्या घरात होता आणि मे २०२४ मधल्या वादळाचा ४०० च्या आसपास. हे नंतरचे आकडे अनेक ठाण्यांच्या तासाभराच्या सरासरीचे आहेत, त्यामुळे तुलना जपून करावी लागते. तासाची सरासरी काढली तर कुलाब्याचा आकडाही बराच खाली येतो. तरीही तो या सगळ्यांच्या वरच राहतो.

अमेरिकेत त्या वादळाने तारायंत्रांच्या तारांमध्ये इतका प्रवाह खेळवला, की बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या प्रवाहावर संदेश पाठवले. युरोप-अमेरिकेतल्या अनेक वेधशाळांमध्ये चुंबकांची हालचाल नोंदपट्टीच्या बाहेर गेली. मुंबई विषुववृत्ताच्या जवळ असल्याने ध्रुवाकडच्या गोंधळापासून दूर होती, म्हणून कुलाब्याचं वाचन हाती राहिलं. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी आणि गुरबक्ष लाखिना यांच्या गटाने याच जुन्या नोंदी वापरून त्या वादळाची तीव्रता नव्याने काढली. ही घसरण नेमकी कोणत्या विद्युतप्रवाहामुळे झाली, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. वाद घालायला आकडे आहेत, हेच त्या नोंदवहीचं ऋण.

आता डागांकडे वळू. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. डागाच्या गाभ्यात ते हजार-दीड हजार अंशांनी, कधी त्याहूनही कमी असतं. डाग काळा दिसतो तो शेजारच्या झगमगाटामुळे. तो थंड राहतो, कारण तिथलं चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या हजारो पट प्रबळ असतं आणि आतून वर येणाऱ्या तप्त वायूची वाट अडवतं. डागांत चुंबकत्व असतं हे जॉर्ज हेल यांनी १९०८ मध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी तमिळनाडूतल्या कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांना डागाच्या कडेने बाहेर वाहणारा वायू सापडला. डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनात वाढते-घटते. चालू आवर्तनाचा कळस २०२४ च्या सुमारास होऊन गेला.

या चुंबकरेषांना दोरीसारखा पीळ बसत जातो. तो एकदम सुटला की तीन गोष्टी घडू शकतात आणि त्या पृथ्वीवर वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत येतात आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचा लघुलहरी रेडिओ बंद पाडतात. वेगवान प्रोटॉन कधी अर्ध्या तासात, कधी काही तासांत येतात. त्यांचा धोका अंतराळवीरांना आणि उपग्रहांच्या यंत्रणांना. तिसरा असतो अब्जावधी टन वायूचा चुंबकभारित ढग. त्याला यायला सहसा एक ते तीन दिवस लागतात, खरी वादळं तोच आणतो. त्याच्या पोटातलं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर तेवढाच मोठा ढग फारसं काही न करता निघून जातो.

१३ मार्च १९८९ ला पहाटे तीनच्या आधी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात. तिथला प्राचीन खडक विजेचा वाईट वाहक, त्यामुळे वादळाने जमिनीत निर्माण झालेला प्रवाह लांबलचक वीजवाहिन्यांतून वाहिला. हा प्रवाह अतिशय सावकाश बदलतो. पन्नास-साठ हर्ट्झसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरना तो सोसत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर साध्याशा वादळाने वातावरण फुगलं आणि स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक पुन्हा वातावरणात कोसळले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटू लागले आणि लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात तांबडा ध्रुवीय प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. भारतातून तो दिसणं दुर्मिळ आहे, अशक्य मात्र नाही. फेब्रुवारी १८७२ च्या वादळात खुद्द मुंबईतून तो दिसल्याची नोंद आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांचं काम धोक्यात आलं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा निवडली आणि १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली. कुलाब्याचे जुने आकडे आणि अलिबागचे नवे यांची सांगड बसावी, एवढ्यासाठी. या चिकाटीला मला मनापासून दाद द्यावीशी वाटते, कारण दोन वर्षांच्या त्या दुहेरी श्रमांनी १८४१ पासूनची मालिका अखंड राहिली. अलिबागला आजही मोजणी चालू आहे. नवी मुंबईतल्या नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ती सांभाळते.

सूर्याकडून येणारा ढग आता वाटेतच तपासता येतो. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं भारताचं आदित्य एल-१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने, ठाण मांडून आहे. त्यावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. ढग निघाला हे दोन दिवस आधीसुद्धा कळू शकतं. मात्र त्याच्या पोटातलं चुंबकक्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो या यानापर्यंत पोहोचल्यावरच खात्रीने समजतं. तिथून पृथ्वी गाठायला त्याला वेगानुसार पंधरा मिनिटं ते तासभर लागतो. तेवढ्या वेळात वीजजाळ्यावरचा भार कमी करणं आणि उपग्रहांची नाजूक उपकरणं बंद करणं शक्य असतं.