दारफळणीचा सण आणि उघडी खिडकी

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले ज्यू लोक, योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या ज्यू सणाला) ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, उपवास धरायचा आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही, अशी रीत होती. २०२० साली हा सण २७ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला, तेव्हा जगभरच्या सिनेगॉगांना (ज्यू प्रार्थनागृहांना) हवेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ नेमके उलटे सांगत होते: दारे उघडी टाका, आणि जमत असेल तर छताखाली बसूच नका.

कोरोनाच्या साथीच्या पहिल्या महिन्यांत सगळा भर स्पर्शावर होता. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या डबीला, हात लावून तो ओठांना लावण्याची ज्यू प्रथा आहे. ती तूर्त थांबवावी, असे इस्राएलमध्ये रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) सांगितले. आपल्याकडे भाज्या साबणाने धुतल्या गेल्या आणि माणसांवर जंतुनाशक फवारणारे बोगदे उभे राहिले. त्या बोगद्यांचा उपयोग नाही, उलट अपायच होईल, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळवले होते, तरी ते पुढे बराच काळ दिमाखात उभे होते. हा विषाणू हवेतूनही पसरतो हे मान्य करा, असे पत्र २३९ शास्त्रज्ञांनी लिहिले ते जुलै २०२० मध्ये, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या जेमतेम दोन महिने आधी.

स्थिर हवेत बारीक थेंब खाली येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. केसाच्या जाडीचा, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉनचा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनच्या कणाला त्याच उंचीवरून यायला अर्धा तास लागतो आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ निम्मा दिवस. दोन मीटरचे अंतर पहिल्या थेंबापासून वाचवते; बाकीचे दोघे उदबत्तीच्या धुरासारखे दालनभर फिरतात, आणि धूर कोपऱ्यात बसलेल्यालाही चुकत नाही.

आता माझा आवडता भाग. बादलीभर पाण्यात नीळ कालवा आणि नळ सोडा. आणखी एक बादली पाणी आले की नीळ सगळी निघून गेली, असे वाटते. पण नवे पाणी जुन्यात मिसळत मिसळत सांडत असल्यामुळे तेव्हाही ३७ टक्के नीळ उरलेली असते. दालनातल्या हवेचेही असेच आहे, म्हणून ‘तासाला एकदा हवा बदलते’ याचा अर्थ तासाभराने ती स्वच्छ होते, असा नव्हे. आता कुणीतरी बादलीत सतत नीळ ठिबकवत आहे, असे समजा. तो माणूस म्हणजे प्रार्थनेला आलेला, स्वतःला ठणठणीत समजणारा बाधित भाविक. बंद दालनात कणांची दाटीही वाढत जाते आणि ती दाटी श्वासात घेण्याचा वेळही वाढतो, त्यामुळे शरीरात जाणारी मात्रा सुरुवातीला वेळेच्या जवळजवळ वर्गाने वाढते. कण खाली बसणे आणि विषाणू निष्क्रिय होणे या गोष्टी बाजूला ठेवून, आरंभी हवा स्वच्छ होती असे धरून मी हिशेब मांडला. तासाला अर्धीच हवा बदलणाऱ्या दालनात दोन तासांची प्रार्थना एका तासावर आणली, तर मात्रा निम्मी न होता २९ टक्क्यांवर येते. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल, तर पूर्ण दोन तास बसूनही मात्रा बंद दालनातल्या दोन तासांच्या सुमारे २१ टक्केच भरते. म्हणजे उघड्या खिडक्यांतले दोन तास बंद खिडक्यांतल्या एका तासापेक्षा बरे! त्या वर्षी अनेक ठिकाणी प्रार्थनांना कात्री लावली गेली आणि मंडळी अंगणात, वाहनतळावर बसली. त्यामागे हे गणित होते, मग ते कुणी मांडलेले असो वा नसो.

हवा आणि वेळ यांच्यानंतर तिसरा घटक आवाजाचा. बोलण्याचा आवाज चढतो तसे तोंडातून निघणारे कणही वाढतात, आणि सणाची प्रार्थना तर गायलीच जाते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट खोऱ्यातले एक गायकवृंद १० मार्च २०२० रोजी अडीच तास सरावाला बसले. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ आजारी पडले आणि दोघे दगावले. योगायोगाने तो पुरीम या ज्यू सणाचा दिवस होता.

शोफार, म्हणजे ज्यू नववर्षाला वाजवायचे मेंढ्याचे शिंग, हे तर फुंकायचेच वाद्य. त्याच्या रुंद तोंडावर सर्जिकल मास्क ताणून बसवलेली छायाचित्रे त्या वर्षी पुष्कळ दिसली आणि अनेकांना हसू आले. पण भौतिकशास्त्राला ती मान्य आहेत. आवाज हा हवेच्या दाबाचा हेलकावा असल्यामुळे तो विरळ कापडातून फारसा न घटता पार होतो, उलट कणांना तंतूंच्या जंजाळातून स्वतः वाट काढावी लागते आणि त्यांतले बरेच चिकटून राहतात. शास्त्रार्थाचा पेच मात्र निराळा होता. खड्ड्यात किंवा पिंपात शोफार फुंकला आणि ऐकणाऱ्याला शिंगाचा आवाज ऐकू आला तर कर्तव्य पुरे झाले, नुसता प्रतिध्वनी ऐकू आला तर नाही, असे मिश्ना हा जुना ज्यू धर्मशास्त्रग्रंथ सांगतो. मास्कमधून येतो तो शिंगाचाच आवाज. ध्वनिक्षेपकातून येतो तो पडद्याच्या कंपनाने नव्याने घडलेला, म्हणून सनातनी रब्बींना झूमवरचा शोफार बहुधा चालत नाही. त्यात २०२० च्या रोश हशानाचा पहिला दिवस शनिवार होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, शोफार फुंकत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे तो दुसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरलाच वाजला, आणि कित्येक ठिकाणी थेट रस्त्यावर. टाळ्या-थाळ्यांच्या आणि शंखाच्या कंपनांनी विषाणू मरतो, असे संदेश तेव्हा आपल्याकडे फिरत होते. शिंगाला मास्क बांधणाऱ्यांचा त्यांच्या वाद्याबद्दल असा काही गैरसमज नव्हता.

या तडजोडींना आधार होता तो ‘पिकुआख नेफेश’ या तत्त्वाचा: जीव वाचवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक आज्ञा मोडता येते. सामूहिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढांचे मिन्यान लागते, पण ते जमवताना जीव धोक्यात येणार असेल तर एकट्याने घरी प्रार्थना करावी.

महाराष्ट्रात हा प्रश्न सरकारी आदेशानेच सुटला होता. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होती आणि पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, त्यामुळे भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगमध्ये किंवा पुण्याच्या ‘लाल देऊळ’ सिनेगॉगमध्ये दोन्ही वर्षी हा सण जमून साजरा करणे शक्य नव्हते. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग उभे राहण्यापूर्वी कोकणातल्या पूर्वजांनी जे केले, तेच मग वंशजांनी केले. घरातली माणसे एरवीही एकाच हवेत श्वास घेत असतात. त्यांनी दार लावून घेतल्याने विषाणूला नवे कुणी भेटत नव्हते.