खोक्यावरचा आकडा

१९९३ च्या शेवटी अटारी कंपनीने जॅग्वार नावाचा गेम कन्सोल अमेरिकेत विकायला काढला. जाहिरातीचा सूर असा होता की इतरांचे कन्सोल १६ बिटचे, आमचा ६४ बिटचा, हिशेब तुम्हीच करा. (बिट म्हणजे चिप एका वेळी केवढा मोठा आकडा हाताळते त्याचं माप.) लोकांनी हिशेब केला आणि जॅग्वार दुकानातच पडून राहिला. त्याच्या आत डोकावलं तर चित्र उमटवणारे दोन भाग खरोखर ६४ बिटचे होते. दोन प्रोसेसर ३२ बिटचे होते. आणि कारभारी म्हणून बसवलेली चिप होती मोटोरोला ६८०००, म्हणजे १९८८ मध्ये आलेल्या सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या १६ बिट कन्सोलमध्ये होती तीच, फक्त जरा वेगाने पळवलेली. मग हा कन्सोल किती बिटचा म्हणायचा?

आपल्याकडे त्या काळात 'टीव्ही गेम' म्हणून मिळायच्या त्या बहुतेक निन्टेन्डोच्या ८ बिट फॅमिकॉमच्या नकला. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९ इन १', आणि यादी खाली सरकवत गेलं की तेच पाच-सहा गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा भेटायचे. तेव्हापासून खोक्यावरच्या आकड्याशी माझं फारसं जमत नाही. म्हणूनच भाच्याने परवा एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे आकडे वाचून विचारलं, "मामा, बारा टेराफ्लॉप म्हणजे सव्वादहापेक्षा भारीच ना?" तेव्हा मी लगेच हो म्हणालो नाही. (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं.)

टेराफ्लॉपकडे येण्याआधी सेगा आणि निन्टेन्डो यांची जुनी लढाई पाहू, कारण तिथे सगळं अजून डोळ्यांना दिसण्याइतकं सोपं होतं. मेगा ड्राइव्हचा प्रोसेसर ७.६७ मेगाहर्ट्झने चालायचा. जपानमध्ये १९९० मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमचा जास्तीत जास्त ३.५८ ने. दुपटीहून जास्त फरक! पण मेगाहर्ट्झ म्हणजे काम नव्हे, नुसते ठोके. ६८००० ला मेमरीतून एकदा काही आणायला किमान चार ठोके लागतात. निन्टेन्डोच्या चिपला एकच. मात्र ६८००० एका खेपेत दोन बाइट आणतो, दुसरी एकच. गुणाकार-भागाकार केला तर सेगाकडे सेकंदाला साधारण ३८ लाख बाइट येतात आणि निन्टेन्डोकडे फार तर ३६ लाख. ६८००० च्या पोटात मोठ्या आकड्यांसाठी जागा जास्त होती, त्यामुळे लांबलचक गणितात तो खरोखर पुढे जायचा. पण खोक्यावरून वाटायची तेवढी ती दरी नव्हती.

आणि खरी लढाई प्रोसेसरची नव्हतीच. सेगा ५१२ रंगांतले ६४ एका वेळी दाखवू शके, निन्टेन्डो ३२,७६८ रंगांतले २५६. सेगाचा आवाज यामाहाची चिप गणिताने घडवायची, एका लहरीने दुसरी लहर हलवून. म्हणून त्याला तो धातूसारखा खणखणीतपणा. निन्टेन्डोची आवाजाची चिप सोनीची होती, केन कुतारागी यांनी घडवलेली. ती खऱ्या वाद्यांचे छोटे तुकडे वाजवायची, पण ६४ किलोबाइटमध्ये बसतील तेवढेच, त्यामुळे आवाज थोडा गोधडीतून आल्यासारखा. (हेच कुतारागी पुढे प्लेस्टेशनचे जनक ठरले.)

मला त्या यंत्रातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे निन्टेन्डोचा 'मोड ७'. यात पार्श्वभूमीचं एक सपाट चित्र यंत्र स्वतःच फिरवतं, लहान-मोठं करतं. टीव्हीवर चित्र वरून खाली एकेक ओळ करत उमटतं. प्रत्येक ओळ उमटण्याआधी तो लहान-मोठेपणा बदलला तर? वरची ओळ बारीक, खालची मोठी. सपाट नकाशा जमिनीसारखा समोर पसरतो आणि 'एफ-झीरो'मधली गाडी क्षितिजाकडे धावू लागते. प्रोसेसर संथ असूनही हे जमतं, कारण हे काम त्याच्याकडे नाहीच. म्हणजे सेगा घ्यावा की निन्टेन्डो याचं उत्तर तुम्हाला सेगाच्या गेममधल्या सोनिकसारखं सुसाट धावायचं आहे की रंगांत आणि संगीतात रमायचं आहे, यावर होतं. बिट दोघांचेही १६च.

आता भाच्याचा प्रश्न. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांच्या अंतराने आलेले एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि प्लेस्टेशन ५ ही जवळजवळ सख्खी भावंडं आहेत. दोघांच्या मुख्य चिपचा आराखडा एएमडी या चिप कंपनीचा, दोघांत आठ कोअर (म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे आठ भाग), दोघांत १६ जीबी मेमरी. टेराफ्लॉपचा आकडा वहीत काढता येतो. एक्सबॉक्समध्ये चित्र रंगवणारे ५२ गट आहेत. प्रत्येक गटात ६४ कामकरी, प्रत्येक जण एका ठोक्यात दोन क्रिया करणार, आणि ठोके सेकंदाला १.८२५ अब्ज. सगळ्यांचा गुणाकार १२.१५ टेराफ्लॉप. प्लेस्टेशनमध्ये गट ३६, पण ठोके २.२३ अब्जांपर्यंत, म्हणून १०.२८.

या गुणाकारात एक गोष्ट गृहीत आहे: कुणीही एक क्षणही रिकामा बसत नाही. एका स्वयंपाकघरात ५२ पोळपाट आहेत, दुसऱ्यात ३६, पण दुसरीकडचे हात भराभर चालतात. कणकेचे गोळे वेळेवर मिळत राहिले तर ५२ वालं घर जिंकणार. पण मळणारा मागे पडला की लाटणारे कितीही असोत, लाटणं हातात धरून बसतात. शिवाय ठोका वाढवला की फक्त लाटणारेच नाही, मळणाराही भराभर चालतो. ग्राफिक्स चिपमध्ये त्रिकोण मांडणारे, जवळची साठवण सांभाळणारे भाग असतात, त्यांची गती टेराफ्लॉपमध्ये मोजलीच जात नाही. प्लेस्टेशनचे शिल्पकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या एका भाषणात हेच सांगितलं होतं. प्रत्यक्षातही बहुतेक गेममध्ये दोघांतला फरक दिसण्यासाठी चित्र थांबवून भिंग लावावं लागतं.

त्यांच्याच भाषणातला दुसरा मुद्दा मला टेराफ्लॉपपेक्षा महत्त्वाचा वाटतो. आधीच्या पिढीत फिरती हार्ड डिस्क होती. तिचा वाचणारा काटा जुन्या कचेरीतल्या कारकुनासारखा. कागद कमी वेळात वाचेल, पण फाइल शोधत फिरण्यातच त्याचा दिवस जायचा. मग गेम बनवणारे काय करत? एकच वस्तू डिस्कवर अनेक ठिकाणी लिहून ठेवत, म्हणजे काटा कुठेही असो, ती जवळपास सापडावी. 'स्पायडर-मॅन'मध्ये काही तुकडे ४०० वेळा लिहिलेले होते! फिरता भाग नसलेली एसएसडी आली आणि ही कसरत संपली. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते, एक्सबॉक्सची २.४. इथेही मोठ्या आकड्याच्या नादी लागू नका. जुन्या डिस्कवरून सेकंदाला ५० ते १०० एमबी यायचे, त्यापुढे दोन्ही उड्या प्रचंडच आहेत. दोन्ही कन्सोलसाठी बनणाऱ्या गेमना कमी वेगातही भागवावं लागतं.

भाच्याला मी एवढं सांगितलं की आधी घरचा टीव्ही बघ. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर कन्सोलने १२० काढून उपयोग नाही. दर चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळणार ते मिळणारच. मग आपल्याला हवे ते गेम कुठे आहेत ते बघ, आणि मित्र कुठे आहेत ते.

एक आकडा मात्र मी त्याला माहितीपत्रकात बोट ठेवून दाखवला. चिप खाते ती वीज ठोक्यांच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. प्लेस्टेशन म्हणूनच गरजेप्रमाणे ठोके किंचित कमी करतं. दोन-तीन टक्के वेग सोडला तरी दहा टक्के वीज वाचते. तरीही भारी गेम चालू असताना दोनशे वॅटच्या आसपास उष्णता खोलीत येते, म्हणजे जुन्या पद्धतीचे दोन-तीन सीलिंग फॅन जेवढी वीज खातात तेवढी. आणि प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान लिहिलंय ५ ते ३५ अंश.

भाचा नागपूरला राहतो. त्यांचा टीव्ही काचेच्या दारांच्या कपाटात आहे. मी त्याला म्हटलं, कुठला कन्सोल घ्यायचा ते नंतर ठरव, आधी ती दारं काढ.