उन्हाळा, सुरुंग आणि एक बारीक बुडबुडा

मराठवाड्यात विहिरी खोदायचा हंगाम उन्हाळ्याचा. मुरूम जेसीबीनं निघतो. काळा पाषाण लागला की कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो आणि सुरुंग भरले जातात. तेव्हा परभणी-नांदेडकडं पारा ४२ अंशांवर असतो. ‘उन्हानं तोटे (भोकात भरायच्या स्फोटकाच्या कांड्या) आपोआप उडतात’ असं गावोगाव ऐकू येतं. ते खरं नाही. नुसत्या उष्णतेनं पेटायला त्यांना शंभर अंशांच्याही बरंच पुढं जावं लागतं. ऊन त्यांची धक्का सोसायची ताकद कमी करतं.

स्फोटकात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतातच. आघात बसला की बुडबुडा क्षणात चेपतो, उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि आतली हवा भडकून तापते. सायकलच्या पंपाचं तोंड गरम होतं, तेच हे. हवा विसाव्या हिश्श्यापर्यंत चेपली तर केल्विनमधलं तापमान (अंश सेल्सिअस अधिक २७३) साधारण ३.३ पट होतं. पहाटेचे १५ अंश म्हणजे २८८ केल्विन. त्याचे ९५४ होतात. उन्हात ठेवलेल्या पेटीतले ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन; त्याचे १,०५४. बाहेर फरक ३० अंशांचा, बुडबुड्यात तोच १०० चा! प्रत्यक्षात थोडी उष्णता गळते, पण रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळं उरलेला फरकही भारी पडतो.

अशा तापलेल्या सूक्ष्म जागांना तप्तबिंदू म्हणतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ बाउडन आणि यॉफी यांनी त्यांचा आकार ०.१ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सांगितला. तप्तबिंदू एक तर भोवती उष्णता सांडून विझतो, नाही तर शेजारचं पेटवतो. शेजारचा पदार्थच तापलेला असेल तर विझणं अवघड.

स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटची गोष्ट आणखी वेगळी. ३२ अंशांवर त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतं. थोडा ओलावा असेल तर आपल्याकडं दिवसा ४२ आणि रात्री २७ अंश असताना दाणा रोज फुगतो, रोज आक्रसतो. शेवटी त्याचा भुगा होतो आणि हवा साठायला नव्या फटी तयार होतात.

थंडी म्हणजे निर्धास्त, असंही नाही. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन १३ अंशांच्या आसपास गोठतं आणि गोठलेले डायनामाइटचे तोटे वितळवताना पूर्वी माणसं गेली आहेत.

अपघात झाला की जागेला दोष देतात, नारळ-लिंबू उतरवतात. त्यानं पेटीचं तापमान अर्ध्या अंशानंही उतरत नाही. पेटी सावलीत हवी, ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर नको. कॅपा (तोटा उडवणारे डिटोनेटर) तोट्यांपासून लांब हव्यात. आणि सगळं काम परवानाधारक ब्लास्टरच्याच हातून व्हावं. सुरुंग फसला तर त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालू नये: तळाशी राहिलेल्या तोट्यावर बिटाचा घाव बसतो, आणि तिथले बुडबुडे चेपायला तेवढा घाव पुरतो.