घोडबंदर रोडवरचा ‘रेडी’

मानपाड्याच्या सिग्नलला बस अडकली की वाचायला फलक भरपूर. ‘रेडी पझेशन’, ‘रेडी टू मूव्ह’, खाली बारीक अक्षरात ‘ओसी मिळाली’, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र हाती आलं. शब्द इंग्रजी असला तरी ठाण्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अपवाद आमच्या आजीचा. “टू बीएचके रेडी आहे” हे ऐकून तिने विचारलं होतं, “मग म्हैस कुठं बांधलीय?”

आजी जनावरावर गेली ते फारसं चुकलं नव्हतं, फक्त जनावर वेगळं. जुन्या इंग्रजीत ‘गेरॅडे’ असा शब्द होता. साधारण इसवी सन 1200च्या सुमाराला त्याचं आजचं रूप दिसू लागतं. जर्मनमधला ‘बेराइट’ हा त्याचाच भाऊबंद. बहुतेक अभ्यासक या कुळाचं नातं ‘राइड’शी, म्हणजे स्वार होण्याशी लावतात. घोड्यावर खोगीर चढवलं, सामान बांधलं, आता टाच मारायची तेवढी बाकी, तो ‘रेडी’. ‘रोड’ही याच घरातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ घोड्यावरची सफर असा होता, रस्ता हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. धाड या अर्थाचा ‘रेड’ म्हणजे त्याच शब्दाचं स्कॉटिश रूप. आणि हे सगळं कुठे वाचायचं, तर घोडबंदर रोडवर! अरबी घोडे या बंदरात उतरत म्हणून ते घोडबंदर, असं सांगतात.

इंग्लंडचा राजा एथेलरेड (राज्यकाळ 978 ते 1016) मात्र या यादीत घ्यायचा नाही. इतिहासात तो ‘अनरेडी’ म्हणून बदनाम झाला, पण मूळ टोमणा ‘अनरॅड’ असा होता. ‘रॅड’ म्हणजे सल्ला. राजा बेसावध नव्हता, त्याला सल्लागार वाईट भेटले होते.

घोड्यावरून उतरल्यावर शब्द पैशाकडे वळला. सतराव्या शतकात इंग्रजी बोलीत नुसतं ‘द रेडी’ म्हटलं तरी रोख रक्कम समजत. मुंबईत तर त्याचं आडनाव झालं. सर कावसजी जहांगीर रेडीमनी (1812 ते 1878) यांच्या पूर्वजांकडे उसने द्यायला रोकड कायम हजर असे, त्यावरून ते पडलं. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह याच कावसजींच्या नावाचा.

‘रेकनर’ म्हणजे हिशेब करणारा. ज्यात आकडेमोड आधीच करून ठेवली आहे अशी कोष्टकांची पुस्तकं अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘रेडी रेकनर’ म्हणून खपत. आपल्याकडे सरकारने ठरवलेल्या जागांच्या दरांना रेडी रेकनर म्हणतात. सरकारी कागदावर ‘वार्षिक मूल्यदर तक्ते’ असतं, पण नोंदणी कार्यालयाच्या रांगेत कोण तसं म्हणतं? करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत, यांतली जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क. फलकावरच्या ‘रेडी’लाही रुपयांत किंमत आहे. एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण 5 टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरावर 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर विकलेल्यावर काहीच नाही.

आपले शब्दही स्थिर उभे नव्हतेच. ‘तयार’ अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात ‘तय्यार’ म्हणजे उडणारा, आजही अरबीत वैमानिकाला तेच म्हणतात. ‘सज्ज’च्या मागे संस्कृत ‘सज्य’ आहे. ज्या म्हणजे प्रत्यंचा, ती चढवलेलं धनुष्य ते सज्य. तिकडे खोगीर, इकडे पंख आणि दोरी.

मराठीत ‘रेडी’ला मी पाहुणाच समजतो. घर, कपडे, गाडी, एंट्रीला विंगेत उभा नट, इथवर त्याचं चालतं. गवयाचा गळा मात्र तयारच असतो, आणि “पोरगं भारी तयार आहे” यातला खवचटपणा ‘रेडी’ला पेलायचा नाही. मे महिन्यात गावदेवी मंडईत आंबेवाला पेटीतलं एकेक फळ देठाशी हुंगतो आणि वेगळं काढतो: “हे आजच तयार, हे परवा.”