दामदुपट आणि सुप्याचे रोखे

१२ मे १८७५ रोजी सुपे इथल्या बाजारपेठेत आजूबाजूच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांत घुसले. (सुपे आज बारामती तालुक्यात आहे.) त्यांना हव्या होत्या हिशेबाच्या वह्या आणि रोखे, म्हणजे कर्जाचे लेखी करार. धान्य लुटलं गेलं, काही घरंही पेटली. पण बहुतेक गावांत राग शमला तो कागदांची होळी झाल्यावर. सावकारांवर जीवघेणे हल्ले फारच थोडे झाले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच घडलं. हेच दख्खनचे दंगे.

कागदच का?

त्याचं उत्तर एका जुन्या समजुतीत आहे. दामदुपट, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. हा निव्वळ हिशेबाचा नियम नव्हता, सावकाराच्या सचोटीचं ते माप होतं. कुणबी कर्जाला भीत नव्हता. सावकार अडीनडीला उभा राहतो आणि हद्द ओलांडत नाही, यावर ते नातं टिकून होतं. इंग्रजी दिवाणी न्यायालयाला ही हद्द दिसत नव्हती. त्याला दिसायचा रोख्यावरचा अंगठा. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू होता व्याज साचू नये हा. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचं एक प्रकरण पुढे या दंग्यांच्या सरकारी चौकशी आयोगासमोर आलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१ ते ६५) कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकार मागेल तितकं देत होता. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि त्याने हात आखडला. नेमका त्याच सुमारास सरकारने शेतसारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला. पोटाला चिमटा बसलाच, पण सावकाराने शब्द मोडल्याची चीड त्याहून मोठी होती, असं मला वाटतं. शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४च्या डिसेंबरातच सावकारांवर बहिष्कार घातला होता. गावाकडे स्वतःची शिक्षा होती, आणि ती आधी वापरून झाली होती.

एक गोष्ट लपवू नये. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर निघाला; ब्राह्मण सावकार बहुधा वाचले. अन्यायाच्या जाणिवेत परकेपणाचा द्वेषही मिसळला होता.

चौकशी आयोगाने सारावाढीला दोष दिला नाही, सावकाराला दिला. सरकारला ते सोयीचं होतं. तरी १८७९च्या कायद्याने एक मोठी गोष्ट केली: रोख्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा अधिकार न्यायाधीशाला दिला आणि कर्जापायी कुणब्याला होणारी कैद बंद केली. त्यावर सावकारांनी साध्या रोख्याऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायचा मार्ग काढला. कर्ज फिटलं की जमीन परत, हे तोंडी. म्हणजे विश्वास पुन्हा तोंडी बोलण्यावर आला, आणि या वेळी पणाला जमीन होती.

१९०४मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्याने मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई केली. सुप्याच्या बाजारात कागद जाळणाऱ्यांची मागणी हीच होती, एकाहत्तर वर्षं आधी.