‘अस्सल’ पॅलेट नेमके कोणते? मर्यादित रंगांच्या पिक्सेल आर्टची पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईत गेम डिझाइन शिकणाऱ्या मुलांच्या कामात सध्या मोजक्या रंगांची पिक्सेल चित्रे पुन्हा दिसू लागली आहेत आणि त्यांच्यासोबत ‘अस्सल रेट्रो पॅलेट’ (जुन्या यंत्रांवरचा ठरीव रंगसंच) हा शब्दप्रयोगही रूढ झाला आहे.

चौकटी भरून चित्र उभे करणे मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घालणाऱ्यांना नवे नव्हते. संगणकावर मोजक्या रंगांची मर्यादा मेमरीच्या टंचाईतून आली. १९८१ च्या सीजीए या संगणकाच्या चित्रकार्डावर ३२० बाय २०० पिक्सेलच्या चित्रात एका वेळी चारच रंग मिळत. १९८२ च्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर रंग १५ होते, पण ८ बाय ८ च्या एका घरात दोनच बसत.

आपल्याकडे घरोघरी पोहोचल्या त्या १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राच्या नकला. नव्वदच्या दशकात जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेल्या आमच्या कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले होते; आत खरे गेम वीसही नव्हते. या यंत्राच्या रंगतक्त्यात ६४ जागा होत्या. त्यांपैकी बऱ्याच जागा काळ्याच असल्याने वापरता येणारे रंग सुमारे ५४ उरत. पार्श्वभूमीसाठी तीन-तीन रंगांचे चार गट, हलत्या आकृत्यांसाठी तसेच चार आणि सर्वांमागे एक सामाईक रंग, असे पडद्यावर एका वेळी २५ रंग येत. पार्श्वभूमीच्या १६ बाय १६ च्या प्रत्येक घराला एकच गट घ्यावा लागे. १९८५ च्या मारिओमधील ढग आणि झुडूप हा एकच आकार आहे, फक्त रंगगट बदललेला.

वाद आहे तो या ५४ रंगांविषयी. त्यांचे ‘मूळ’ आकडे म्हणून अनेक फायली फिरतात आणि प्रत्येकीत आकाशाचा निळा वेगळा असतो. वस्तुतः या यंत्रातील चित्राची चिप लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे देतच नव्हती. ती थेट टीव्हीचा संमिश्र सिग्नल तयार करी आणि त्यातून रंग उलगडण्याचे काम टीव्ही आपल्या पद्धतीने करी. जपान-अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत होती आणि तिथल्या टीव्हीवर छटा फिरवण्याचे बटणही असे. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीचे, त्यामुळे आमच्या १४ इंची टीव्हीवर छटा ठरलेली असे आणि फिरवता येई ती फक्त रंगाची गडदता, जी आमच्या घरी कायम टोकाला असे. म्हणून अमेरिकी टीव्हीवरून मोजलेल्या फायलीला ‘अस्सल’ आणि बाकीच्यांना चुकीचे म्हणणे मला तरी पटत नाही.

पुढे हौशी कलाकारांनी कोणत्याही यंत्राशी न बांधलेली १६ आणि ३२ रंगांची पॅलेट स्वतःच रचली. १२८ बाय १२८ च्या पडद्याचे, १६ ठरीव रंगांचे काल्पनिक कन्सोलही (प्रत्यक्ष यंत्र नसलेले, फक्त सॉफ्टवेअरमधले गेमयंत्र) लोकप्रिय झाले. मात्र फायलीतून रंग तेवढे उतरतात, घरांची वाटणी उतरत नाही. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने मासुंदा तलावाचे संध्याकाळचे चित्र दाखवले. सगळे रंग ५४ मधलेच होते. पण पाण्यात दिव्यांचे प्रतिबिंब पडलेल्या एकाच घरात सात रंग भरले होते आणि जुन्या यंत्राने तिथे चारच स्वीकारले असते.