चुनखडकाच्या खाणींतील भूकंपजन्य धोके

भूकंपाच्या हादऱ्याने चुनखडकाच्या खाणीत कडे ढासळतात, पोकळ्यांवरची जमीन खचते, टाकाऊ मातीचे ढिगारे घसरतात किंवा तळाशी एकाएकी पाणी वाढते.

अखंड चुनखडक दाब चांगला सोसतो. तो कमकुवत असतो थरांमधल्या चिकणमातीपाशी आणि पाण्याने विरघळून झालेल्या पोकळ्यांपाशी. त्यामुळे हादऱ्याने बहुधा आधीच्याच भेगांवरून खडक सरकतो. सुरुंगांमुळे कड्याच्या माथ्याजवळचा पट्टा सैल झालेला असतो आणि भूकंपाचे कंपनही माथ्याशीच तीव्र होते. थर खाणीकडे उतरते असतील व खोदकामाने त्यांचा पायथा सुटला असेल, तर स्थिती सर्वांत वाईट.

पोकळीवरचे छत मात्र कधी कधी उशिरा बसते. हादऱ्याने आतली माती सुटते, मग पावसाचे पाणी ती वाहून नेते. वेधन करताना, म्हणजे खडकात छिद्र पाडताना, सळई एकदम खाली जाणे ही पोकळीची खूण. तिची नोंद नकाशावर हवीच. चंद्रपूर-यवतमाळच्या चुनखडक पट्ट्यात जिथे वर काळी माती आहे, तिथे जमिनीत रेडिओ लहरी सोडून पोकळ्या शोधणाऱ्या भूवेधी रडारच्या लहरी मातीतच विरतात. विद्युत रोधकतेची पाहणी, म्हणजे जमीन विजेला किती अडवते याचे मोजमाप, अधिक उपयोगी.

फ्रान्समधील ल तेय येथे ११ नोव्हेंबर २०१९ रोजी ४.९ महत्तेचा भूकंप झाला. केंद्र अवघे सुमारे १ किमी खोल असल्याने भूपृष्ठही फाटले. जवळच चुनखडकाची जुनी, मोठी खाण आहे. खडक उपसल्याने विभंगावरचा, म्हणजे ज्या भेगेवरून भूकवचाचे खडक सरकतात तिच्यावरचा, भार घटून भूकंप लवकर घडला का, यावर संशोधकांचे एकमत नाही. परंतु खाणीच्या नकाशात परिसरातील जुने विभंगही असले पाहिजेत, हे या घटनेने ठळक केले.

हादऱ्यानंतर माणसे आणि यंत्रे कड्याखालून लगेच हलवावीत. पश्चात्‌धक्के चालू असताना सैल दगड काढायला कोणालाही कड्याखाली पाठवू नये. पाहणी वरून सुरू करावी: माथ्याला समांतर भेगांच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर वारंवार मोजावे आणि अंतर वाढत असल्यास खालचे काम बंदच ठेवावे. भेग स्थिर असेल तर ती चिकणमातीने बुजवून पावसाचे पाणी बाजूला वळवावे. भेगेत साचलेल्या पाण्याचा दाब कडा बाहेर ढकलतो. खाणतळाचे पाणी पावसाविना गढूळ झाले, तर पोकळीतली माती सुटल्याची शंका घेऊन वरचा वाहतूक रस्ताही बंद करावा.